आडवं स्टूल

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज धाकटीच्या पेट्या आल्या. लाकडी, नऊ. दोन हमाल त्या तिसऱ्या मजल्यावर चढवत होते आणि शेवटच्या पेटीला त्यातला जाडा दारातच टेकला. "बाई, दगड भरलेत का?"

"नाही, घर आहे," धाकटी म्हणाली.

त्यानं पेटी पुन्हा खांद्यावर घेतली. मी टेबलाशी या आठवड्याचं वार्तापत्र लिहीत होते. एक बऱ्यापैकी वाक्य अर्ध्यावर होतं, ते तिथेच वारलं.

नोव्हेंबरात ती एका बॅगेनिशी आली होती. बावीस वर्षं आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर काढली, तिकडच्याच माणसाशी लग्न केलं, त्याच्याबरोबर कापडाचं दुकान चालवलं. गेल्या वर्षी तो गेला. "दोन-तीन महिने राहते, मग बघू," असं म्हणून ती आली आणि आई-बाबांच्या खोलीत राहायला लागली. घर तसं दोघींचं. पण इतकी वर्षं त्यात मी एकटी राहिले, त्यामुळे वहिवाटीनं माझं झालं. पांढऱ्या भिंती, पुस्तकांचं एक कपाट, एक टेबल, दोन खुर्च्या. बाबा संस्कृत शिकवायचे. 'अपरिग्रह' हा शब्द त्यांनी आम्हा दोघींकडून पाठ करून घेतला होता. मी तो अंगी बाणवला. धाकटीनं पाठ केला, बाबांना म्हणून दाखवला आणि विसरली.

नऊ पेट्या आणवल्या म्हणजे राहणार, असा मी अर्थ काढला आहे. तिला विचारलेलं नाही. विचारलं की उत्तर मिळतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर सुतार. त्याच्याकडे ड्रिल आहे आणि मतं आहेत. धाकटी भिंतीवर बोट ठेवते, "इथे, इथे, इथे आणि जरा खाली इथे," आणि तो प्रत्येक 'इथे'ला आधी मान हलवतो, मग भोक पाडतो, मग म्हणतो, "इथे नव्हतं पाडायला पाहिजे." माझ्या एका दाढेतही भोक पडल्यासारखं वाटतंय.

संध्याकाळी धाकटी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"ताई, तुझ्या समोरच्या भिंतीवर काय लावायचं?"

"काही नाही."

"नुसती एक पट्टी लावते गं. केंटेची. अशीच विणतात ते, चार बोटं रुंद, मग पट्टीला पट्टी जोडून मोठं कापड करतात. ही सुटी राहिलेली आहे."

"मला लिहिताना समोर काही नको असतं."

"काहीच नको?"

"काहीच."

"बरं." तिनं भिंतीच्या कोपऱ्यावरून बोट खाली ओढलं. "इथून इथपर्यंत तुझं राज्य. मी पाय ठेवणार नाही."

पट्टी गुंडाळून परत पेटीत ठेवली. समजूतदार आहे, सांगितलं की ऐकते.

८ फेब्रुवारी, रविवार

घर लावून झालं, असं तिचं म्हणणं. घर संपलं, असं माझं.

बैठकीच्या खोलीत भिंत आता ऐकिवात आहे, दिसत नाही. एका बाजूला केंटे, पिवळा-हिरवा-लाल, इतका की त्याच्याकडे बघून कान दुखतात. खिडक्यांना निळीत रंगवलेले पडदे, त्यांवर पांढरी वर्तुळं. दिवाणावर मातकट काळं कापड, त्यावर रेघांची नक्षी. कोपऱ्यात ढोल. ढोलावर टोपली. टोपलीत मणी. मण्यांवर अजून एक लहान टोपली, कारण तेवढी जागा मोकळी राहिली होती. अतिशयोक्ती हा एक अलंकार आहे, हे मला मान्य आहे. पण काव्यात तो अधूनमधून येतो, त्यात कोणी संसार थाटत नाही.

फ्रिजसमोरच्या भिंतीवर एक लांबोडा मुखवटा आहे. सकाळी मी दूध काढायला जाते तेव्हा तो माझ्याकडे असा बघतो की जणू ते शेजाऱ्यांचं दूध आहे.

वरच्या मजल्यावरच्या काकू बघायला आल्या. त्यांना आमच्याकडे काय चाललंय हे ड्रिलवरून समजलंच होतं. फिरून फिरून सगळं पाहिलं, मुखवट्याला लांबूनच ओळख दिली, आणि जाताना दाराशी मला हळूच म्हणाल्या, "दुःखात आहे पोर. करू दे."

दुःखात माणूस गप्प बसतो असं मी आजवर वाचत आले. ही सुतार बोलावते.

आणखी एक वस्तू: एक स्टूल. एकाच ओंडक्यातून कोरलेलं, बसायची बाजू होडीसारखी दोन्ही टोकांना वर उचललेली, मधे नक्षीचा खांब, खाली सपाट पाया. धाकटी सकाळचा चहा त्यावर बसून खिडकीशी घेते. चहा झाला की उठते आणि स्टूल तसंच आडवं टाकून जाते, भिंतीला टेकवून. मी ते सरळ केलं. घरात काही पडलेलं दिसलं की माझा हात आपोआप जातो.

९ फेब्रुवारी, सोमवार

स्टूल पुन्हा आडवं. सरळ केलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा. आज त्यावर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवून दिला, म्हणजे वजनानं जागेवर राहील.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

गठ्ठा नीट घडी करून जमिनीवर. स्टूल आडवं. बाई चकार शब्द काढत नाही. मीही काढला नाही. सरळ केलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

धाकटी दुपारी माझ्या खोलीसाठी पडदा शिवत बसली होती. (मी मागितला नव्हता.) म्हणाली, "दिराचा फोन आलेला."

"काय म्हणतो?"

"घराचं विचारत होता. मी परत जाणार असेन तर तो घर आणि दुकान आहे तसं राखून ठेवेल. नसेन तर त्याच्या मुलाचं लग्न ठरलंय, तो तिथे बिऱ्हाड करेल. मार्चअखेर सांग म्हणाला."

"मग?"

"मग काय?"

"तू काय ठरवलंस?"

तिनं दातानं दोरा तोडला. "तुला काय वाटतं, ताई?"

मी कोणावर काही लादत नाही. हे माझं तत्त्व आहे आणि त्याचा मला आजवर कधी पश्चात्ताप झालेला नाही. "तुझं तू ठरव," मी म्हणाले. "मी मधे येणार नाही."

"मधे नको येऊस. नुसतं वाटतं काय, ते सांग."

"मला काय वाटायचंय?"

ती "बरं" म्हणाली आणि शिवायला लागली. उत्तर निःपक्षपाती झालं, मला बरं वाटलं. पुढची सगळी शिलाई मात्र तिनं वाकडी घातली. बावीस वर्षं कापडात घालवलेल्या बाईकडून हे अपेक्षित नव्हतं.

ती गेली तर भिंती परत मिळतील. ती राहिली तर स्टूल रोज सरळ करावं लागेल. दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. बेरीज जमत नाही, पुन्हा कधीतरी करेन.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

हात दाखवून अवलक्षण, ते असं.

धाकटी बाहेर गेली होती. दिवाणावरचं ते मातकट कापड मी हातात घेतलं, तर त्याला खरंच मातीचा वास. नीट पाहिलं, तर नक्षीभर चिखल. इतक्या लांबून पेटीत आलेलं, कुठेतरी भिजलं असणार, बिचारीचं लक्षही नसेल. म्हटलं, आपल्याकडूनही एक काम होऊ दे. बादली, गरम पाणी, साबणाची पावडर, भरपूर. तासभर भिजवलं, मग ब्रश घेऊन बसले. चिखल हलेना. मी आणखी पावडर घातली. वरून जोर लावला.

धाकटी आली तेव्हा मी मोरीत, पदर खोचलेला, कोपरापर्यंत फेस.

"काय करतेस?"

"हा चिखल निघत नाहीये."

ती दाराला धरून उभी राहिली. पहिल्यांदा मला वाटलं रडतेय. मग ती खालीच बसली, उंबऱ्यावर, आणि इतकी हसली की वरच्या काकूंनी गॅलरीतून "काय झालं गं" विचारलं.

"ताई, चिखलानंच रंगवतात ते," ती धाप ओसरल्यावर म्हणाली. "आधी पानांच्या काढ्यात भिजवायचं, मग वर्षभर मुरवलेल्या चिखलानं एकेक रेघ काढायची, वाळवायचं, धुवायचं, पुन्हा काढायची. तुझ्या पावडरीला तो दाद देणार आहे का?"

अति तिथे माती, असं म्हणतात. इथे ती नक्षीत बसवलेली निघाली. कापडाला काही झालं नाही. माझ्या हातांची मात्र सालं निघाली. तिनं मलम आणून लावून दिलं आणि मधेच पुन्हा हसायला लागली, तेव्हा मीही हसले, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

नोव्हेंबरपासून ती अशी हसलेली मी ऐकली नव्हती. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी मी स्टूल सरळ करत असताना धाकटीनं मला रंगेहात पकडलं.

"रोज तूच करतेस होय."

"रोज तूच पाडतेस होय."

"पाडत नाही गं. उठलं की ते आडवं करून ठेवायचं असतं. त्यानं मला लग्नात दिलेलं आहे, माझ्यासाठी कोरून घेतलेलं. प्रत्येकाचं आपापलं असतं. आपण उठलो आणि ते रिकामं, सरळ राहिलं, की भलतंच कोणीतरी येऊन बसतं."

"कोण?"

"कोणीही. ज्याची जागा आहे तो परत येईपर्यंत ती दुसऱ्या कोणाला मिळू द्यायची नाही, एवढंच."

"म्हणजे भुताखेतांवर फर्निचरचा उपाय," मी म्हणाले. "आपल्याकडे न बोलावता फक्त वरच्या काकू येतात, आणि त्या दिवाणावर बसतात."

ती हसली, पण परवासारखी नाही.

संध्याकाळी ती माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकायला एक लाल कापड घेऊन आली. मी वर न बघता म्हणाले, "पुरे."

ती जागीच थांबली. मला वाटलं, रागावली. पण ती म्हणाली, "तो असंच म्हणायचा."

आठवलं. तिचा नवरा एकदाच आला होता, आई असताना. आई वाढायला लागली की थांबायची नाही, म्हणून धाकटीनं त्याला आमच्या भाषेतला एकच शब्द शिकवला होता, 'पुरे'. तो उंच माणूस पानावर बसून गंभीरपणे 'पुरे' म्हणायचा. आईला वाटायचं, याचं पोट लहान आहे.

"म्हणायचा 'पुरे'," धाकटी म्हणाली, "आणि ताट पुढे करायचा. तिकडे परत गेल्यावरही रोज. कापड कितीही आणलं तरी 'पुरे', आणि लगेच खिळा हातात."

मग ती ते लाल कापड तसंच हातात घेऊन स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता. पाणी वाया घालवायची ही सवय तिला तिकडे लागली असावी. एकदा सांगायला हवं.

१ मार्च, रविवार

माझं वार्तापत्र छापणारे संपादक सपत्नीक चहाला येणार होते, ते एकटेच आले. माणूस भारदस्त, सर्व अर्थांनी. त्यांच्यासाठी मी सकाळीच खोली आवरली होती आणि अर्थात स्टूल सरळ केलं होतं. इतक्या सगळ्या पसाऱ्यातून त्यांनी बसायला नेमकं तेच निवडलं. लाकूड करकरलं, पण टिकलं.

"वा," ते चारी बाजूंना बघत म्हणाले. "तुमच्या लेखातलं एक विशेषण इकडचं तिकडे झालं तर फोन करता, आणि घरात हे? आता कायमचं का?"

"छे हो," मी म्हणाले. "प्रदर्शन आहे. महिन्याअखेर उतरेल. मग माझ्या भिंती मला परत."

संपादक खूप हसले. माझ्या लिखाणाला ते कधी इतके हसत नाहीत, त्यामुळे मला जरा हुरूप आला आणि मी मुखवट्याचा आणि दुधाचा किस्साही सांगितला. तेव्हा धाकटी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तीही हसली. थट्टा सहन करायला मन मोठं लागतं, ते तिला लहानपणापासून आहे.

मग ती फार अदबीनं त्यांना म्हणाली, "तुम्ही इकडे खुर्चीवर या ना, ऐसपैस."

"छे छे, मी मजेत आहे," असं म्हणून ते तासभर तिथेच.

ते गेल्यावर तिनं स्टूल ओल्या फडक्यानं पुसलं, मग कोरड्यानं. मग आडवं केलं. संपादकांच्या कपड्यांना एवढं काही लागलेलं मला दिसलं नव्हतं.

३ मार्च, मंगळवार

विवेक जागा होतो, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. आज मी कार्यालयातून परतले तर मुखवटा उतरलेला, ढोलावरच्या टोपल्या गायब. धाकटी कागदात काहीतरी गुंडाळत होती.

"काय गं?"

"जरा मोकळं करतेय."

मी एक शब्द न बोलता तिला माझ्या मनातलं कळलं. आम्ही कॉलेजात याला व्यंजना म्हणत होतो: शब्द जे सांगत नाहीत ते सहृदयाला ऐकू येतं. अलंकारशास्त्रावर दोन वर्षं घासली होती, ती पाण्यात गेली नाहीत.

दूध काढताना आज कोणी बघत नव्हतं. सवयीनं मीच वर बघितलं.

७ मार्च, शनिवार

पडदे उतरले. केंटे उतरलं. माझ्या खोलीचा तो वाकड्या शिलाईचा पडदा मी म्हटलं राहू दे, तेवढा चालेल. तिनं तोही घडी करून ठेवला.

"इतकंही नको होतं मला," मी म्हणाले. "थोडं राहिलं असतं तरी..."

"नाही ताई, तुझ्या भिंती तुला परत."

वाक्य माझंच. पण तिच्या तोंडून ते जरा वेगळं लागलं. कुठे म्हणाले होते मी हे? असेल कुठेतरी.

११ मार्च, बुधवार

भिंती रिकाम्या आहेत, पण पांढऱ्या नाहीत. ठिकठिकाणी भोकं, कापडाच्या जागी कमी मळलेले चौकोन. खोलीत बोललं की आवाज परत येतो. वार्तापत्र काल द्यायचं होतं, अजून चार ओळींच्या पुढे गेलेलं नाही. समोर काही नाही, मागे काही नाही, हे मला हवं होतं ते सगळं आहे, आणि मी गेला तासभर एका भोकाकडे बघतेय. ते सुतारानं चुकीच्या जागी पाडलेलं भोक आहे. बरोबरचं त्याच्या शेजारी आहे.

जेवताना धाकटी म्हणाली, "पंधराला निघते."

"कुठे?"

"तिकडे. मार्चअखेर आहे ना. घराचं काय ते समोरासमोर केलेलं बरं."

"काय करणार आहेस?"

"बघू."

"परत कधी?"

"बघू ना."

"आणि पेट्या?"

"राहू देत आई-बाबांच्या खोलीत. पाठवायच्या की काय, ते तिथून सांगेन."

ताकास तूर लागू देईना. मला वाटलं काहीतरी म्हणावं. म्हणजे, तिनं मागे विचारलं होतं मला काय वाटतं, त्याला धरून काहीतरी. मनात एक वाक्य जुळवलं, त्यातला एक शब्द बदलला, क्रियापद मागचं पुढे केलं. तोवर तिचं जेवण होत आलं. शेवटी मी म्हणाले, "गरम कपडे घे बरोबर."

"तिकडे ऊन असतं, ताई," ती म्हणाली आणि ताट उचललं.

१५ मार्च, रविवार

गेली. गाडीवाल्यानं खालून दोनदा हॉर्न दिला. काकू वरून उतरून आल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्याकडे एक नजर टाकली. ती नजर कशासाठी होती ते समजलं नाही.

एकच बॅग. आली होती तीच.

दारात म्हणाली, "येते, ताई."

यावरून काही सिद्ध होत नाही. आपल्यात जाणारा प्रत्येक माणूस 'येतो' म्हणतो. पुन्हा कधी तोंड दाखवणार नाही असा उधारी बुडवणारासुद्धा जाताना 'येतो' म्हणतो. बाबा म्हणायचे, एकट्या शब्दप्रमाणावर विसंबू नये. मग कशावर विसंबायचं, ते त्यांनी सांगितलं असेल. त्या दिवशी बहुधा माझं लक्ष नव्हतं.

"नीट जा," मी म्हणाले. एवढंच. निघण्याची घाई होती.

१६ मार्च, सोमवार

सकाळी चहा घेऊन बैठकीच्या खोलीत आले. कालपासून मी तिकडे गेलेच नव्हते.

खिडकीशी, भिंतीला टेकून, स्टूल आडवं.

जाताना तरी सरळ करायचं होतं, असं म्हणत मी सवयीनं खाली वाकले. हातही लागला. मग चहाचा कप जमिनीवर ठेवला आणि तिथेच बसले, फरशीवर, गुडघे दुखतात तरी.

बाकी सगळं तिनं पेट्यांत भरलंय. काय पाठवायचं, काय नाही, ते सांगेन म्हणाली. हे पेटीत घातलं नाही, बरोबरही नेलं नाही. निघायच्या आधी त्यावर बसून चहा घेतला असणार, उठली असणार, आणि मग.

सरळ केलं नाही. का, ते लिहीत नाही. लिहिलं की त्याचं वाक्य होईल, आणि वाक्यं मी सुधारत बसते.

चहा गार झाला.

१८ मार्च, बुधवार

स्टुलाच्या भोवतीनं केर काढला.

२४ मार्च, मंगळवार

तिचा फोन. आवाज मधेमधे फाटत होता.

"ताई, स्टूल कसं आहे?"

लोक माणसांची खुशाली विचारतात. "आडवं आहे," मी म्हणाले.

"तू सरळ नाही केलंस?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही. काकू आल्या होत्या, त्यांनाही हात लावू दिला नाही."

  मग ती म्हणाली, "दिराला सांगते तर. मुलाला बिऱ्हाड करू दे म्हणून."

"सांग," मी म्हणाले. आणि या वेळी क्रियापद वगैरे जुळवायच्या आत बोलून टाकलं, "तू मागे विचारलं होतंस ना, मला काय वाटतं. या भिंती फार पांढऱ्या आहेत."

"तुला तशाच आवडतात."

"आवडत होत्या. आता डोळ्यांना त्रास होतो. डॉक्टरांना विचारलं नाही, पण होतो. दूध काढताना मान आपोआप वर जाते आणि तिथे कोणी नसतं. संपादकांना मी काहीतरी बोलले होते ते शुद्ध मूर्खपणाचं होतं. आणि तुझा तो वाकडा पडदा तू घडी करून ठेवलास तो कुठल्या पेटीत आहे, मला सापडत नाहीये, मी चार पेट्या उघडल्या, आता त्या बंद होत नाहीत—"

"पुरे," धाकटी म्हणाली.

आणि फोन ठेवला नाही. मी बोलत राहिले.

२९ मार्च, रविवार

सुतार आला. ती पुढच्या आठवड्यात येतेय, तोवर लावून झालं पाहिजे. पेट्या उघडून सगळं जमिनीवर पसरलेलं पाहून तो म्हणाला, "आधी लावलं, मग काढलं, आता परत लावायचं. एकदा ठरवा काय ते."

"ठरलंय."

"आणि कुठे काय होतं?"

ते मला आठवत नव्हतं. महिनाभर मी या भिंतींवर वैताग केला, पण त्यांच्याकडे नीट बघितलं नव्हतं, हे त्याच्यासमोर कबूल करावं लागलं. भोकं बुजवली नव्हती म्हणून बरं. भोकं आणि चौकोन बघत बघत आम्ही अंदाजानं लावत गेलो. केंटे बहुधा उलटं लागलंय. मुखवटा फ्रिजसमोर, त्याची जागा तेवढी मला पक्की ठाऊक होती. टोपली ढोलावर, मणी टोपलीत, आणि लहान टोपली कुठे ठेवायची हे समजेना, तेव्हा लक्षात आलं की जागा मोकळी राहिलीय ती तिचीच.

"आणि ही पट्टी?" चार बोटं रुंद, गुंडाळलेली.

"इथे. टेबलासमोर."

"इथे भोक नाहीये."

"पाडा."

त्यानं मान हलवली, भोक पाडलं आणि म्हणाला, "इथे नव्हतं पाडायला पाहिजे." पट्टी तिरकी लागली आहे. लिहिताना सारखी नजर तिकडे जाते. फार त्रास होतो. वार्तापत्र मात्र आज दुपारीच पूर्ण झालं.

काम संपल्यावर मी त्याला चहा दिला. घरभर प्लास्टरची भुकटी, माझ्या केसांत, पुस्तकांवर, चहातही असावी. दोन्ही खुर्च्यांवर कापडं पडलेली. त्यानं इकडे तिकडे पाहिलं, खिडकीशी गेला आणि एका हातानं ते स्टूल उचलून सरळ केलं.

"तिथे नका बसू," मी म्हणाले.

"का? पडलं होतं, सरळ केलं."

"पडलेलं नव्हतं. ठेवलेलं होतं."

त्यानं खोलीत चौफेर नजर फिरवली. "बसतंय कोण इथे? कोणीच तर नाही."

"म्हणूनच," मी म्हणाले. त्याच्या हातातून ते घेतलं, फडक्यानं भुकटी पुसली आणि आडवं करून भिंतीला टेकवलं. "ती जागा धरलेली आहे."

त्यानं चहा उभ्यानंच घेतला.